उंबरठ्याच्या आतली नोकरी

काही शब्द नवे कपडे घालून येतात आणि आपण त्यांना मोठे पाहुणे समजून पाट मांडतो. 'वर्क फ्रॉम होम' हा त्यांपैकीच एक. २०२० च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी लागली आणि हा शब्द पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून निघून घराघरांत पोचला. कुणी म्हणाले, नोकरीच्या इतिहासात क्रांती झाली; कुणी म्हणाले, आता शहरे ओस पडतील आणि गावे पुन्हा नांदू लागतील. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात मात्र या शब्दाचे कुणाला फारसे नवल वाटले नाही. शब्द नवा असेल, गोष्ट जुनी होती. आमच्या आज्या, मावश्या आणि आया कित्येक वर्षे घरूनच काम करीत आल्या आहेत. फरक इतकाच, की त्यांच्या पुढ्यात संगणकाऐवजी सूप असते, आणि त्यांच्या कामाला कुणी इंग्रजी नाव दिले नव्हते.

घरून काम केल्याने नोकरदार माणूस सुखी होतो की दुःखी, असा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. त्यावर हिरिरीने वाद होतात. एक पक्ष म्हणतो, प्रवास वाचला, पोराबाळांत राहता आले, घरचे अन्न मिळाले. दुसरा म्हणतो, एकटेपणा आला, पाठ दुखू लागली, कामाला आदि-अंत राहिला नाही. मला वाटते, दोन्ही पक्ष खरे बोलतात, पण प्रश्न अर्धाच विचारतात. जागेने माणूस सुखी किंवा दुःखी होत नाही. खरे प्रश्न तीन आहेत. घरून काम करायचे हे कुणी ठरवले? ते काम संपते केव्हा? आणि घराचा कारखाना झाला तो कुणाच्या खर्चाने? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कचेरीतल्या साहेबापेक्षा विडी वळणारी बाई अधिक चांगली देऊ शकेल, असे माझे नम्र मत आहे. ते मांडण्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम या कल्पनेचा थोडा मागोवा घेऊ. १९७३ साली अमेरिकेत जॅक नाइल्स यांनी 'टेलिकम्युटिंग' हा शब्द प्रचारात आणला. माणसाने रोज कामाकडे जाण्याऐवजी काम तारेवरून माणसाकडे यावे, म्हणजे रस्त्यावरची गर्दी कमी होईल आणि इंधन वाचेल, अशी ती कल्पना. त्याच वर्षी जगावर तेलसंकट कोसळले आणि या विचाराला धार आली. म्हणजे पाहा, कल्पनेच्या मुळाशी मोटारगाड्या होत्या. माणसाच्या मनाचे काय होईल, हा विचार मागाहून आला.

तो विचार नीट तपासून पाहणारा एक प्रयोग चीनमध्ये झाला. सीट्रिप नावाची प्रवासाची तिकिटे व हॉटेले ठरवून देणारी मोठी कंपनी आहे. तिच्या शांघाय येथील दूरध्वनी केंद्रातील कर्मचाऱ्यांना, घरून काम करायला कोण तयार आहे, असे विचारण्यात आले. तयार असलेल्यांपैकी जे अटींत बसले, त्यांची विभागणी जन्मतारखेच्या सम-विषम आकड्यावरून केली. निम्म्यांनी आठवड्यातले चार दिवस घरून काम करायचे, उरलेल्यांनी नेहमीप्रमाणे कचेरीत. नऊ महिने हा प्रयोग चालला. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. एवढेच वाचून पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या.

पण त्या १३ टक्क्यांची फोड पाहण्यासारखी आहे. त्यांतील ९ टक्के वाढ ही माणसे अधिक मिनिटे कामावर बसली म्हणून झाली. मधल्या सुट्ट्या कमी घेतल्या, आजारपणाच्या रजा कमी झाल्या. उरलेले ४ टक्के तेवढे, घरच्या शांततेत दर मिनिटाला अधिक फोन घेता आले म्हणून. शिवाय असेही आढळले, की काम सारखेच चांगले असूनही घरी बसलेल्यांना बढती मिळण्याचे प्रमाण घटले. जो डोळ्यांसमोर नाही, तो मनातूनही उतरतो. आणि प्रयोग संपल्यावर जेव्हा पुन्हा निवड करण्याची मुभा दिली, तेव्हा प्रयोगातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी आपला आधीचा विचार बदलला. घरी बसलेल्या कित्येकांना एकटेपणा नको झाला होता. या प्रयोगाची आणखी एक अट मला फार बोलकी वाटते. ज्याच्या घरी कामासाठी स्वतंत्र खोली आहे, त्यालाच त्यात प्रवेश होता!

आता आमच्या गल्लीत या. आमच्याकडे घरात तेलुगू आणि दारात मराठी. सकाळी बायका कारखान्याच्या शाखेत जातात. आदल्या दिवशी वळलेल्या विड्या देतात. तेंदूचे पान, तंबाखू आणि सूत घेऊन परत येतात. पान भिजवायचे, ओल्या फडक्यात गुंडाळायचे, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचे, सुताने बांधायचे आणि तोंड दुमडायचे. हिशेब हजारावर. हजार विड्या म्हणजे स्वयंपाक, पाणी, धुणी, मुलांची शाळा या सर्वांच्या मधल्या फटींतून काढलेला सबंध दिवस. माझी आई वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षापासून हेच करीत आली. ती तंबाखूच्या सुपापुढे एकदा बसली, की पाणी प्यायलाही उठत नाही, कारण उठली की लय तुटते. सीट्रिपच्या त्या ९ टक्क्यांविषयी सरांनी अर्थशास्त्राच्या तासाला सांगितले, तेव्हा मला काही वेगळे समजावून घ्यावे लागले नाही. घरी बसलेल्या माणसाला सुट्टी देणारी घंटा नसते. म्हणून तो स्वतःच स्वतःचा मुकादम होतो.

"घरी बसून तर काम आहे, त्यात काय?" असे आमच्या बायकांना नेहमी ऐकावे लागते. यातले 'बसून' हे क्रियापद फार फसवे आहे. बसूनच पाठ जाते. तंबाखूच्या धुळीने खोकला लागतो, बोटांना घट्टे पडतात. आणि ही धूळ एकट्या बाईच्या वाट्याला येत नाही. त्याच खोलीत पाळणा असतो, चूल असते, अभ्यासाचे पुस्तक असते. कारखान्यातील धूळ कारखान्यात राहते. घरातली धूळ घरभर होते.

यावर कुणी म्हणेल, विडी आणि संगणक यांची तुलना कशी व्हावी? एक अशिक्षितांचे हातकाम, दुसरे शिकलेल्यांचे डोक्याचे काम. ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर मला आमच्याच घरात मिळाले. २०२० साली मी आठवीत होते. माझा थोरला भाऊ तेव्हा पुण्यात एका कंपनीत ग्राहकांचे फोन घेण्याची नोकरी करीत होता. टाळेबंदीत तो घरी आला आणि आमच्या एकाच खोलीत दोन घरकामगार झाले. भिंतीवर कोरी चादर टांगून त्याच्यासमोर तो बसे, म्हणजे कॅमेऱ्यात पाठीमागची भांडी दिसू नयेत. त्याचा फोन चालू असला, की आम्ही कुजबुजत बोलायचो. मिक्सर बंद, शेजारच्या अक्कांची हाक आली तरी हाताने खूण. विडीचे कारखाने काही काळ बंद राहिले आणि पुन्हा सुरू झाल्यावर त्याच खोलीत आईचे सूप आले. त्याला तंबाखूने शिंका, तिला त्याच्या इंग्रजीने संकोच.

त्या दिवसांत मी दोघांकडे पाहत असे. आईला हजारावर मजुरी, त्याला महिन्याचा पगार. तिच्या विड्यांतल्या काही 'छाट' म्हणून नाकारल्या जात, त्याच्या कामाचे गुण कुठलेसे यंत्र लावी. ती म्हणे, "तुझा साहेब तुला बघतो तरी. माझा साहेब फक्त विडी बघतो." भाऊ हसून म्हणाला, "मला बघत नाही गं, मी किती वेळ जागेवर नव्हतो तेवढं बघतो." शिफ्ट संपल्यावरही त्याच्या मोबाईलवर निरोप येतच. घरभाडे वाचले, आईच्या हातची भाकरी मिळाली, म्हणून तो आरंभी खूश होता. पण सहाव्या महिन्यात तो उगीचच गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येऊ लागला. विचारले तर म्हणे, "कामावर जाऊन आलो." ही थट्टा होती, पण तिच्यात थोडे रडूही होते.

यावरून एक गोष्ट निश्चित दिसते. शिक्षण, पगार आणि यंत्र बदलले तरी घरातल्या कामाचे काही गुणधर्म बदलत नाहीत. काम आणि विसावा यांतली भिंत पडते. जागा, वीज, खुर्ची यांचा भार कामगाराच्या अंगावर येतो. सोबतीची माणसे दुरावतात. आणि सोबत गेली की तक्रार करण्याचे बळही जाते. कारखान्यात शंभर जण एकदम उठून उभे राहू शकतात. शंभर घरांतली शंभर माणसे आपापल्या जागी उठून उभी राहिली, तर ते कुणाला दिसणार?

या न दिसण्याविरुद्ध आमच्या देशातील घरकामगार स्त्रियांनी दीर्घ लढा दिला आहे, याचे स्मरण आजच्या सुशिक्षित नोकरदारांनी ठेवावे. १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी कायदा केला. कच्चा माल घरी नेऊन विड्या वळून देणारी व्यक्तीही कामगारच, हे त्यात मानले गेले. कारखानदारांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. पुढे भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न आला. घरी बसलेल्या बाईवर आमची देखरेख नाही, मग ती आमची नोकर कशी, असा मालकांचा मुद्दा होता. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेले उत्तर मला फार मार्मिक वाटते. माल नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याच्या हाती देखरेख आहे. डोळ्यांनी पाहिले नाही म्हणून नियंत्रण नाही, असे होत नाही. आज घरी संगणकापुढे बसलेल्या प्रत्येकाने हे वाक्य मनाशी घोकावे, इतके ते त्याच्या कामाचे आहे.

१९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी 'सेवा' ही असंघटित स्त्रियांची संघटना उभारली, तेव्हा कामगार खात्याने नोंदणीलाच हरकत घेतली. मालकच ठरलेला नाही, तर संघटना कुणाविरुद्ध? त्यांचे म्हणणे असे, की संघटना कुणाविरुद्ध असण्यापेक्षा एकमेकींसाठी असते. अशाच चळवळींच्या रेट्यामुळे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरकामाविषयीचा करार, क्रमांक १७७, संमत केला. घरी काम करणाऱ्याला इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी, हे त्याचे सार. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. आणि आमचा १९६६ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत विलीन झाला आहे. जुन्या कायद्याने जे हक्क कागदावर तरी नीट लिहून ठेवले होते, ते नव्या घरात सुखरूप पोचतात की नाही, यावर लक्ष ठेवणे आपले काम आहे.

सोलापुरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची सुमारे दहा हजार घरांची वसाहत झाली. तिचा ताबा २००६ मध्ये दिला गेला. २०२४ च्या जानेवारीत रे नगरमधील पंधरा हजार घरे असंघटित कामगारांच्या हाती आली. बाहेरच्यांना ही केवळ घरकुल योजना वाटते. पण जिचे घर हाच कारखाना, तिच्या दृष्टीने घरासाठीचा लढा हा कामाच्या जागेसाठीचाही लढा असतो. जी जागा मालकाने द्यायची, तीही कामगाराने मोर्चे काढून मिळवावी लागली, हा त्यातला उपहास आहे.

मोठ्या देशांत घरी काम करणाऱ्यांच्या वेळेचा विचार अलीकडे सुरू झाला. कामाच्या वेळेनंतर निरोपांना उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून अमलात आला. पोर्तुगालने २०२१ साली आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ साली त्या दिशेने कायदे केले. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत डिसेंबर २०१८ मध्ये, आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये, अशा हक्काचे खासगी विधेयक मांडले. पण त्याचा कायदा झालेला नाही. ही काही चैनीची मागणी नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून असा अंदाज दिला, की आठवड्याला ५५ तास वा अधिक काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघाताने आणि हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. विसावा हे औषध आहे, आणि ते वेळेवरच घ्यावे लागते.

आता जो मुद्दा माझ्या वर्गमैत्रिणींना आणि मला सर्वांत जवळचा आहे, त्याकडे वळते. पदवीनंतर पुढे काय, या प्रश्नावर आमच्या पालकांना हल्ली एक सोपे उत्तर सापडले आहे. "पोरीला घरी बसून काम मिळाले तर बरे." त्यात माया आहे, काळजी आहे, रात्रीच्या बसची, रस्त्यावरच्या टोळक्यांची भीती आहे. हे मी नाकारीत नाही. पण मला भीती निराळीच वाटते. आमच्या घराण्यात उंबरठा ओलांडून महाविद्यालयात आलेली मी पहिली मुलगी. आईने मला विडी वळायला शिकवली, पण विडीचे कार्ड माझ्या नावावर काढू दिले नाही. विडी कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर मी शिकले. एवढा सगळा खटाटोप पुन्हा त्याच खोलीत, त्याच भिंतीपुढे येऊन बसण्यासाठीच होता काय? सुपाऐवजी संगणक आला, एवढ्यालाच प्रगती म्हणायचे काय? आणि जिला नोकरीही करायची, घरी आहे म्हणून स्वयंपाकही करायचा, सासूबाईंची औषधेही पाहायची आणि पाहुणेही सांभाळायचे, तिच्या दिवसाचे तास कोण मोजणार?

याचा अर्थ घरून काम वाईट, असा कुणी काढू नये. ज्याला चालता येत नाही त्याला, तान्हे मूल असलेल्या आईला, मुंबईच्या लोकलमध्ये रोज लोंबकळत जाणाऱ्याला ही सोय वरदान ठरू शकते. त्याच चिनी कंपनीत पुढे आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याचा प्रयोग झाला. १,६१२ कर्मचाऱ्यांवरील त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ साली आले. कामात घट झाली नाही, बढत्या घटल्या नाहीत, आणि नोकरी सोडून जाणारे एक तृतीयांशाने कमी झाले. दोन दिवस घरी, तीन दिवस माणसांत! माणसाला एकांत हवा असतो, कोंडवाडा नको असतो, हेच यातून दिसते. निवड असेल तर ती सोय. निवड नसेल तर ती कोंडी. आमच्या आयांना निवड नव्हती. आपल्याला ती असावी, आणि आपण ती डोळे उघडे ठेवून करावी.

म्हणून मित्र-मैत्रिणींनो, उद्या घरून करायच्या नोकरीचा कागद हाती आला, तर सहीपूर्वी विचारा: विजेचे आणि इंटरनेटचे पैसे कोण देणार? काम किती वाजता संपणार? आठवड्यातून किती दिवस माणसांत बसता येणार? बढती देताना घरी बसलेल्याचे नाव कुणाला आठवणार? हे प्रश्न विचारणे उर्मटपणा नव्हे. आमच्या बायकांनी न्यायालयापर्यंत जाऊन ते कधीच विचारून ठेवले आहेत; आपण त्यांचे वारस आहोत.

आणि गुरुजनांना एक विनंती. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे पुष्कळ आहेत, ज्यांच्या घरात दिवसभर कुठले ना कुठले काम चालू असते. कुणाकडे विडी, कुणाकडे शिलाई, कुणाकडे पापड. काही जण स्वतःच रात्री मोबाईलवर माहिती भरण्याची कामे करून फी भरतात. त्यांना अभ्यासाला स्वतंत्र खोली कुठून असणार? आपले वाचनालय पाच वाजता बंद होते. ते आठपर्यंत उघडे राहिले, तर एक दिवा आणि एक पंखा यांचाच काय तो खर्च वाढेल. ज्यांच्या घराचा कारखाना झाला आहे, त्यांना बसायला एक टेबल मिळेल. आणि शेजारी आपल्यासारखेच वाचत बसलेले आणखी कुणी असेल.

— द्वितीय वर्ष, कला